बर्फाच्या शहराची आगोट

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या शिक्षणविषयक पानावर गेले काही आठवडे परदेशी विद्यापीठांतील विद्यार्थी-विनिमय कार्यक्रमांची माहिती येत आहे. अर्ज, शिष्यवृत्ती, व्हिसा आणि भाषेची परीक्षा या चार गोष्टींबद्दल जे लिहिले गेले ते उपयुक्तच आहे. परंतु निवड झाल्यानंतर तो विद्यार्थी तिथे राहतो कसा, विशेषतः ज्या शहरात वर्षातले चार महिने जमीनच दिसत नाही अशा शहरात राहतो कसा, याविषयी त्यात एक ओळही आढळली नाही. मी मूळची दापोली तालुक्यातली, पुण्यात शिकणारी विद्यार्थिनी असून जपानच्या होक्काइदो बेटावरील साप्पोरो शहरात एक वर्ष विनिमय विद्यार्थिनी म्हणून राहून नुकतीच परतले आहे. ऑक्टोबरमध्ये जाणारी पुढची तुकडी सध्या खरेदीच्या याद्या करत असेल, तेव्हा हे पत्र त्याआधी छापले जावे अशी विनंती आहे.

खरेदीपासूनच सुरुवात करते, कारण माझी पहिली चूक तिथेच झाली. निवड झाल्याचे कळताच ज्याने-त्याने मला थंडीची भीती घातली. कुणी उणे वीसचा आकडा सांगितला, कुणी रक्त गोठते असे सांगितले, आणि त्या धास्तीने आईने व मी दोन जाड कोट, चार स्वेटर, लोकरीचे मोजे आणि गिर्यारोहणाचे म्हणून विकले जाणारे बूट असा ऐवज गोळा केला. प्रत्यक्षात साप्पोरोचे जानेवारीचे सरासरी तापमान उणे तीनच्या आसपास असते आणि रात्री ते साधारण उणे सहा-सातपर्यंत उतरते. घरे, वर्ग, दुकाने आणि भुयारी रेल्वे इतकी उबदार असतात की दारातून आत शिरताच अंगावरचे कपडे उतरवण्याची घाई होते, आणि भर जानेवारीत घरात अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात आइस्क्रीम खाणारी माणसे ही तिथे अजिबात नवलाची गोष्ट नाही. पुण्याहून नेलेल्या चारपैकी तीन स्वेटर मी तसेच घडी न मोडता परत आणले. बुटांचा तळ मात्र तिथल्या रस्त्याला पूर्णपणे निरुपयोगी ठरला, त्याविषयी पुढे लिहिते. थोडक्यात, ज्या थंडीसाठी आम्ही दीड बॅग भरली ती थंडी माझ्या अडचणींच्या यादीत शेवटून पहिली होती.

साप्पोरो हे एकोणीस लाखांहून अधिक वस्तीचे शहर आहे आणि तिथे वर्षाला सरासरी सुमारे पावणेपाच मीटर बर्फ पडतो. एवढ्या मोठ्या शहरावर एवढा बर्फ पडण्याची उदाहरणे जगात फार नाहीत. त्याचे कारण वर्गात समजावून सांगितले गेले तेव्हा मला एकदम गावाची आठवण झाली. हिवाळ्यात सायबेरियाकडून येणारे कोरडे, अतिथंड वारे जपानच्या समुद्रावरून वाहताना त्यामानाने उबदार पाण्यावरची वाफ उचलतात आणि होक्काइदोच्या पश्चिम बाजूला आदळून ती बर्फाच्या रूपाने रिकामी करतात. डोंगरांपलीकडच्या, प्रशांत महासागराच्या बाजूला त्यामानाने कमी बर्फ पडतो. आमच्याकडे अरबी समुद्रावरून येणारा वारा सह्याद्रीला अडतो, कोकणात धुवांधार कोसळतो आणि घाट ओलांडल्यावर कोरडा होतो, त्याचेच हे हिवाळी भावंड. तिथल्या भूगोलाच्या भाषेतही त्याला मान्सूनच म्हणतात. हे साम्य लक्षात आल्यापासून माझी भीती बरीच ओसरली, कारण कोकणातल्या माणसाला पाऊस अंगावर घेण्याचे शौर्य शिकवले जात नाही, त्याची आगोट, म्हणजे पावसाआधीची तयारी, शिकवली जाते. मृगाआधी लाकूडफाटा आत येतो, पडवीला झापांचा आडोसा होतो, मीठ-मिरची-सुकी मासळी डब्यांत जाते आणि कौले शाकारून घेतली जातात. साप्पोरोतही नोव्हेंबरमध्ये नेमके हेच चालू होते: झाडांच्या फांद्या बर्फाच्या भाराने मोडू नयेत म्हणून बांबू आणि दोरांनी बांधल्या जात होत्या, गाड्यांची चाके बदलली जात होती, घरोघर फावडी बाहेर काढली जात होती. परदेशी विद्यार्थी तेवढा जिंको नावाच्या झाडांच्या पिवळ्या पानांचे फोटो काढत फिरत होता. त्या विद्यार्थ्यांत मीही होते.

इथे भाषेची एक अडचण नोंदवली पाहिजे. मराठीत आपण आकाशातून भुरभुरणाऱ्या पांढऱ्या भुशालाही बर्फच म्हणतो आणि उसाच्या रसात घालायच्या खड्यालाही बर्फच म्हणतो. हिम हा शब्द आहे, पण तो हिमालयात आणि पाठ्यपुस्तकात राहतो. तोंडात येत नाही. या एका शब्दामुळे मी आणि माझे घरचे वर्षभर फोनवर एकमेकांशी वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होतो. भुसभुशीत बर्फात पाय रुतला तर बूट ओला होण्यापलीकडे काही होत नाही, आणि जानेवारीतला तिथला बर्फ तर इतका कोरडा असतो की छत्री न घेता चालावे आणि दारात कोट झटकावा. माणूस पडतो तो तुडवून, दाबून, अर्धवट वितळून पुन्हा गोठलेल्या काचेवर. जपानीत या दोहोंना स्वतंत्र शब्द आहेत आणि त्या गुळगुळीत रस्त्याला ‘त्सुरुत्सुरु’ असे कानालाच घसरल्यासारखे वाटणारे विशेषण आहे.

हा त्सुरुत्सुरु रस्ता कसा तयार होतो ती हकिगत सांगण्यासारखी आहे. पूर्वी तिथे हिवाळ्यात गाड्यांना खिळ्यांचे टायर लावीत. ते खिळे बर्फाबरोबर डांबरही खरवडत आणि त्या धुळीने शहराची हवा इतकी खराब होई की अखेर १९९० मध्ये कायदा करून असे टायर हटवण्यात आले. हवा सुधारली, पण बिनखिळ्यांची चाके चौकात थांबता-निघताना दाबलेल्या बर्फाला घासून-पुसून आरसा करू लागली, आणि पादचाऱ्यांनी रस्ता ओलांडायचा तो नेमका त्याच आरशावरून. दर हिवाळ्यात शेकडो माणसे पडून रुग्णवाहिकेतून जातात आणि त्यांत तिथेच जन्मलेली माणसेही असतात. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, माझ्या त्या गिर्यारोहणाच्या बुटांसह, विद्यापीठाजवळच्या चौकात मी आडवी झाले. हाड मोडले नाही, पण मनगट तीन आठवडे बांधून ठेवावे लागले. त्या बुटांचा रबरी तळ थंडीत कडक होऊन लाकडी पाटासारखा झाला होता. तिथल्या दुकानांत मिळणाऱ्या हिवाळी बुटांचा तळ थंडीतही मऊ राहतो आणि खडबडीत असतो. शिवाय साध्या बुटावर चढवायचे काटे कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात. म्हणून माझे पहिले आग्रहाचे सांगणे असे की कोट इथून न्यायचा असेल तर न्यावा, बूट मात्र तिथे जाऊन, बर्फ टिकू लागण्याआधी घ्यावेत. ऑक्टोबरात पोचणाऱ्याला त्यासाठी जवळजवळ दोन महिने मिळतात, कारण बर्फ टिकून राहू लागतो तो डिसेंबरच्या सुरुवातीला.

चालायचे कसे, हे मला तिथे कुणी शिकवले नाही. ते मला येतच होते, फक्त आठवावे लागले. आमच्या वाडीतल्या पाखाडीचे, म्हणजे दगडी पायवाटेचे, चिरे श्रावणात शेवाळतात तेव्हा आम्ही सगळेच पाऊल आखूड टाकतो, टाच आधी न टेकवता सबंध तळवा एकदम ठेवतो, हात खिशात घालत नाही आणि घाई असेल तर घरून लवकर निघतो. पडल्यावर पंधरा दिवसांनी एकदा आजीशी बोलताना हे माझ्या ध्यानात आले आणि त्यानंतर मी वर्षभर पडले नाही. चौकाचौकांत पेट्या ठेवलेल्या असतात आणि त्यांत बारीक खडीवाळू भरलेल्या पिशव्या असतात, हेही मला उशिरा कळले. मी त्या पालिकेच्या कामगारांसाठी असतील असे समजत होते. त्या कुणीही उचलायच्या, समोरच्या आरशावर वाळू टाकायची आणि पुढे जायचे, अशी रीत आहे.

घराचे प्रकरण अधिक गंभीर आहे. वसतिगृहात जागा न मिळाल्यामुळे मला भुयारी रेल्वेच्या उत्तर अठरा या स्थानकाजवळ एका जुन्या दुमजली इमारतीत खोली घ्यावी लागली. शहराची आखणी चौकटीची आणि पत्ते अंकांचे, म्हणजे ओदोरी मार्गापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला कितवा पट्टा आणि सोसेई नदीपासून पूर्वेला किंवा पश्चिमेला कितवा, असे असल्यामुळे सगळ्या खुणा बर्फाखाली गेल्या तरी घर सापडते. त्या खोलीत शेगडी होती रॉकेलची. रेशनच्या रॉकेलसाठी रांगा लावलेल्या माझ्या आजीला जपानमध्ये मी रॉकेलवर जगते आहे हे ऐकून फार हसू आले. ही शेगडी धूर नळीवाटे भिंतीबाहेर सोडते, आणि त्या नळीचे तोंड बाहेरच्या बाजूने बर्फात गाडले गेले तर विषारी वायू खोलीत साचू शकतो; म्हणून जोराचा बर्फ पडून गेल्यावर आधी ते तोंड मोकळे आहे की नाही हे पाहायचे असते. ही माहिती इतकी साधी आणि इतकी महत्त्वाची आहे की ती व्हिसाच्या कागदांसोबत हातात पडायला हवी.

पाण्याच्या नळाने मात्र मला धडा दिला. पाणी तापवायच्या यंत्राशेजारी एक कागद चिकटवलेला होता आणि त्यावर ‘मिझुनुकी’ असे ठळक अक्षरांत लिहिले होते. मिझु म्हणजे पाणी आणि नुकु म्हणजे काढून टाकणे, हे दोन्ही मला पुण्यातच शिकवलेले. त्यावरून न्हाणीघरातले साचलेले पाणी काढा अशी स्वच्छतेची सूचना असावी असा मी अर्थ लावला आणि नववर्षाच्या सुटीत शेगडी बंद करून चार दिवस फिरायला गेले. परत आले तेव्हा नळ मुका होता. त्या सूचनेचा खरा अर्थ असा होता की खोली थंड राहणार असेल तर एक खटका फिरवून घरातल्या नळ्यांमधले सगळे पाणी जमिनीत उतरवून द्यायचे, कारण पाणी गोठताना फुगते आणि नळी फोडते. माझी एक नळी फुटली, दुरुस्तीचे पैसे मला भरावे लागले आणि घरमालकांनी एका शब्दाने न रागावता तो खटका मला तीन वेळा फिरवायला लावला. चूक सर्वस्वी माझी होती. तरीही असे वाटते की ज्या शहरात मुले पाठवायची त्या शहरात घर कसे बंद करावे, हे आपल्या महाविद्यालयातल्या कुणीतरी आम्हाला सांगायला हवे होते. निघण्याआधी आमच्यासाठी जे मार्गदर्शनसत्र झाले त्यात दीड तास शिष्टाचारावर गेला: वाकून नमस्कार किती अंशांत करावा आणि भेटकार्ड (व्हिजिटिंग कार्ड) कोणत्या हातांनी द्यावे. वर्षभरात मला कुणीही भेटकार्ड दिले नाही.

आता काळोखाविषयी. याबद्दल आपल्याकडे जाणती माणसेही बोलत नाहीत. सबंध जपानचे घड्याळ पूर्व रेखांश १३५ अंशांवर लावलेले आहे आणि साप्पोरो त्याहून सहा अंश पूर्वेला, त्यातही उत्तरेला. त्यामुळे डिसेंबरमध्ये तिथे दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. शेवटचा तास संपवून बाहेर पडावे तर रात्र झालेली. सलग अनेक दिवस ढगाळ. जानेवारीच्या मध्यावर मला झोप येईनाशी झाली, जेवण नकोसे झाले आणि आपण अभ्यासात कमी पडतो आहोत अशी समजूत घट्ट बसली. विद्यापीठाच्या समुपदेशन कक्षात गेल्यावर पहिला प्रश्न विचारला गेला तो असा की तुम्ही दिवसाउजेडी शेवटच्या केव्हा बाहेर पडला होता. मला उत्तर देता आले नाही. सकाळी आठ वाजता, ऊन असो वा नसो, अर्धा तास बाहेर चालायचे एवढाच उपाय सांगितला गेला आणि तो लागू पडला. आईवडिलांना माझी विनंती आहे की मुलगा किंवा मुलगी जानेवारीत फोनवर गप्प वाटू लागली तर ‘तुला सगळे मिळाले, आता काय झाले’ असे म्हणू नये. सकाळी बाहेर जाऊन आलीस का, एवढे विचारावे.

माझे त्या शहरात बस्तान बसले ते मात्र फावड्यामुळे. तिथे रस्त्यावर नवा बर्फ दहा सेंटिमीटर किंवा अधिक साचला की पालिकेची यंत्रे मध्यरात्री निघतात आणि सकाळची वर्दळ सुरू होण्याआधी बर्फ रस्त्याच्या दोन्ही कडांना सारून जातात. या कामावर शहर दर हिवाळ्यात दोन हजार कोटी येनहून अधिक खर्च करते. एवढे करूनही कधी निसर्गापुढे काही चालत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये असा बर्फ कोसळला की साप्पोरो स्थानकातली सगळी रेल्वे वाहतूक ठप्प झाली होती. यंत्र निघून गेल्यावर प्रत्येक दारासमोर गुडघाभर उंचीचा टणक बांध उरतो आणि तो ज्याचा त्याने काढायचा असतो, तोही पुन्हा रस्त्यावर न फेकता. पहिल्या दोन वेळा मी तो बांध ओलांडून सरळ वर्गाला गेले. तिसऱ्या वेळी पाहिले तर शेजारच्या, सत्तरी ओलांडलेल्या आजी स्वतःचा बांध संपवून आमच्या इमारतीसमोरचा काढत होत्या. लाजेने मी बॅग खाली ठेवली. त्यांनी मला दांडा लावलेल्या प्रचंड सुपासारखे एक अवजार दिले; बर्फ उचलायचा नसतो, त्या सुपात घेऊन घसरत न्यायचा असतो, हे दाखवले आणि या कामाला होक्काइदोत ‘युकिहाने’ म्हणतात हे सांगितले. त्या दिवसापासून सकाळचे माझे अर्धा तास चालणे आणि युकिहाने एकच झाले.

त्या आजींकडून मी जे जपानी शिकले ते पुण्याच्या कोणत्याही वर्गात शिकवत नाहीत. कडाक्याच्या थंडीला तिथे ‘शिबारेरु’ म्हणतात, आणि हातमोज्यांना तिथली माणसे पायमोज्यांचेच क्रियापद लावतात, ज्यावर तोक्योची माणसे हसतात. कोकणातल्या माणसाला पुण्यात आपल्या बोलीवरून हसून घ्यायची सवय असते, त्यामुळे मला ते क्रियापद लगेच आवडले. ज्या वृद्धांना स्वतः युकिहाने करणे झेपत नाही त्यांच्या दारासमोरचा बर्फ वस्तीतल्या इतर रहिवाशांकडून काढून घेण्याची एक कल्याणकारी योजनाही शहरात चालते. त्याविषयी ऐकताना मला २०२० च्या जूनमधले निसर्ग चक्रीवादळ आठवले. वीज नव्हती, रस्त्यांवर झाडे आडवी होती आणि यंत्रणा पोचण्याआधी वाडीतल्या माणसांनीच कोयत्या-करवतींनी वाट मोकळी केली होती. फरक इतकाच की आमच्याकडे ते संकटाच्या वेळचे धावून जाणे होते. साप्पोरोत ते दर आठवड्याचे काम आहे आणि त्याला नाव, वेळ आणि अवजार आहे.

बाकीच्या गोष्टी लवकर सांगते. पोचल्यावर चौदा दिवसांत प्रभाग कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो आणि आरोग्य विम्यातही तिथेच नाव घालता येते. विमा असला की उपचाराच्या खर्चाचा तीस टक्के भाग आपण भरायचा. परवानगी घेऊन आठवड्याला अठ्ठावीस तासांपर्यंत काम करता येते, परंतु पहिल्या हिवाळ्यात ते टाळावे असे माझे मत आहे. मी मासे खाणारी असल्यामुळे माझे हाल झाले नाहीत. साबा म्हणजे आपला बांगड्याचाच भाऊबंद, आणि घरच्या मसाल्यात तो छान लागतो. शुद्ध शाकाहारी मैत्रिणीला मात्र साध्या दिसणाऱ्या सुपातही सुक्या माशाचा अर्क निघे. तिने होक्काइदोचे बटाटे, कांदे आणि दूध यांवर वर्ष काढले, आणि ते तिन्ही तिथे उत्तम मिळतात. ओदोरी बागेतला बर्फशिल्पांचा उत्सव, जो १९५० मध्ये शाळकरी मुलांच्या सहा शिल्पांपासून सुरू झाला, तो सगळेच पाहतात; मला मात्र साप्पोरो स्थानकापासून ओदोरीपर्यंतचा भुयारी पादचारी मार्ग अधिक मोलाचा वाटला. २०११ मध्ये, तोहोकूच्या भूकंपाच्या दुसऱ्याच दिवशी खुला झालेल्या या मार्गाने वर वादळ चालू असतानाही माणूस कोरड्या पायांनी अर्धा किलोमीटर चालतो, आणि वाटेत बसायला बाके आहेत. परीक्षेचा निम्मा अभ्यास मी तिथे केला.

आणि माझ्या होक्काइदो विद्यापीठाविषयी एक. १८७६ मध्ये कृषी महाविद्यालय म्हणून सुरू झालेल्या या संस्थेच्या आवारात एक षट्कोनी दगड आहे. उकिचिरो नाकाया या पदार्थवैज्ञानिकाने १९३६ मध्ये प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमस्फटिक तयार केला त्याची ती खूण. डिसेंबरात त्यावरही बर्फ साचतो आणि त्याची सहा टोके शोधावी लागतात.

आपल्या दैनिकाकडे आणि पुण्यातल्या महाविद्यालयांकडे माझे मागणे मोठे नाही. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि दरवर्षी कुणी ना कुणी होक्काइदोतून, जर्मनीतून, कॅनडातून हिवाळा काढून परत येतो. ऑगस्टमध्ये, तिकिटे काढण्याआधी, अशा परतलेल्या दोघा-तिघांना जाणाऱ्यांसमोर दोन तास बसवावे; शिष्टाचाराचे सत्र त्यासाठी थोडे आखूड केले तरी चालेल. बूट कुठे घ्यावेत, खटका कसा फिरवावा, शेगडीची नळी कुठे पाहावी, जानेवारीत काय वाटू लागते आणि दारासमोरचा बांध कुणाचा, एवढेच बोलायचे. आपण आपल्या शिक्षणाच्या पानावर अशा अनुभवांसाठी महिन्यातून एक कोपरा दिलात तर खेड्यापाड्यांतून जाणाऱ्या, ज्यांच्या ओळखीत परदेशी जाऊन आलेले कुणीच नाही अशा मुलांपर्यंतही ते पोचेल. माझ्यापुरते सांगायचे तर अशा सत्रासाठी मी स्वखर्चाने पुण्यात येईन.

माझे ते मऊ तळाचे बूट मी सोबत आणले नाहीत. त्यांत अजून एक हिवाळा शिल्लक आहे. शेजारच्या आजींच्या दारामागे, फावड्याशेजारी ते ठेवलेले आहेत आणि त्या खोलीत पुढे राहायला येणाऱ्याच्या पायाला बसले तर त्याने ते घ्यावेत असे त्यांना सांगून आले आहे.

आपली नम्र,
एक विद्यार्थिनी,
दापोली तालुका, जि. रत्नागिरी